डबा ह्यांचा, झाकण मामंजींचं

सकाळचे सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. वेळ इतकी पक्की आठवते, कारण मी भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देत होते आणि आमचे हे मोरीपाशी तांब्या उचलायला वाकले होते. मी किल्ली देऊन खाली उतरले तरी हे वाकलेलेच.

मी विचारलं, "अहो, काय शोधताय?"

"शोधत नाहीये," हे फरशीकडेच बघत म्हणाले. "मला उठव."

हसा तुम्ही. आता मलाही येतं हसू, अधूनमधून. पण त्या सकाळपासून पुढे मी जे करून ठेवलं, ते शत्रूच्या सुनेनंही करू नये. गेलेल्या माणसाला कचेरीत समक्ष हजर करा, असा सरकारी कागद कुणाच्या घरी आलेला ऐकलाय कधी? आमच्याकडे आला. आणि आणवला कुणी? मी. सातवी पास.

आधी घरचं सांगते, म्हणजे गोंधळ नको. आम्ही शिंदे की छावनीत राहतो. घरात मी, हे, सासूबाई आणि आमची शकू, तेव्हा चौदा महिन्यांची. सासरे, म्हणजे आमचे मामंजी, चार वर्षांपूर्वी वारले, तेही इथे नाही, दक्षिणेत गावच्या घरी. मामंजी दरबारच्या पागेच्या दफ्तरात कारकून होते. कुठल्या घोड्याला कधी नाल मारला, कुठला आजारी, कुठला कुणाच्या स्वारीला गेला, हे लिहायचं काम. ते गेल्यावर तीच खुर्ची ह्यांना मिळाली, मुलगा म्हणून.

मग शिंदे सरकारांचं राज्य गेलं, मध्यभारत नावाचं नवं राज्य झालं. घोडे गेले. घोड्यांबद्दल लिहिणारे तेवढे राहिले.

आता ह्या लोकांचं करायचं काय, हे ठरवायला इंदूरहून एक साहेब यायचे होते. ते म्हणे एकेकाला समोर उभं करून बघणार होते. कागद बरोबर, तब्येत बरोबर, तर नव्या सरकारात जागा, नाहीतर घरी. साहेब यायला तीन आठवडे राहिले होते. आणि आमचे हे मोरीपाशी काटकोनात.

मी आणि सासूबाईंनी धरून त्यांना खाटेवर आणलं. कमरेतून कळ निघायची, मांडीच्या मागून पोटरीत आणि पोटरीतून घोट्यापर्यंत. तापलेली तार कुणी आतून ओढावी तशी, असं हे म्हणायचे. पडून असले तर ठीक. बसले की संपलं. उभं राहायचं तर भिंत धरून, डावा पाय अधांतरी.

शेक दिला, निर्गुडीचा पाला बांधला, तेल चोळलं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी पांढऱ्या गोळ्या दिल्या आणि आराम करा म्हणाले. आराम तर चालूच होता! दुसरं काही जमतच नव्हतं. सहा दिवस गेले. मी मनातल्या मनात सामान बांधायला लागले होते. भावाच्या घरी जाऊन पडायचं म्हणजे भावजयीच्या तोंडाकडे बघत जगायचं. शकूच्या दुधासाठी सुद्धा विचारायचं. रोज पोळ्या लाटताना माझं हेच चाललेलं असायचं आणि पोळ्या करपायच्या.

सातव्या दिवशी मी खासगी बाजारात आमच्या वैद्यबुवांकडे गेले. म्हातारे, मामंजींच्या वेळचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गृध्रसी. माणसाला गिधाडासारखं चालायला लावते म्हणून गृध्रसी."

झालं. माझ्या डोक्यात गिधाड बसलं ते उठेना.

मग वैद्यबुवांनी आवाज खाली आणला आणि औषध सांगितलं. भांग.

मी शकूला छातीशी घट्ट धरलं, जणू तेच तिला पाजणार होते. त्यांनी समजावलं, की ही होळीची भांग नव्हे, ही शोधून घ्यायची. पाला धुऊन, दुधात उकळून, तुपात परतून, सुंठ घालून ते स्वतः चाटण करून देणार. हरभऱ्याएवढं, संध्याकाळच्या जेवणानंतर. त्याहून जास्त नाही.

मी विचारलं, "मुळापासून जाईल ना?"

"ते मी म्हणत नाही," वैद्यबुवा म्हणाले. "कुणाला लागू पडतं, कुणाला नुसतीच झोप येते. शीर जरा ढिली झाली तर उभे राहतील. एवढीच आशा."

"आणि माणूस बिघडला तर?"

"एवढ्यानं नाही बिघडत. चमचा मात्र पोरीच्या हाती लागू देऊ नका."

हे शेवटचं वाक्य त्यांनी माझ्यासारख्या बाईला सांगायला नको होतं. पण ते पुढे.

अडचण ही, की पाला आता वैद्यबुवांकडे नव्हता. पूर्वी त्यांना सरसकट मिळायचा. नव्या राज्यात ठेक्यावर, म्हणजे भांगेच्या सरकारी दुकानावर, रजिस्टर आलं होतं. औषधासाठी न्यायची तर वैद्याची चिठ्ठी दाखवायची आणि रोग्याचं नाव लिहवून न्यायची. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. तिच्यात दुखणं होतं, वजन होतं, कृती होती, नाव नव्हतं. ते ह्यांना लहानपणापासून बाळ म्हणायचे. चिठ्ठीवर बाळ काय लिहिणार? म्हणाले, नाव तुम्ही सांगा तिथे.

मी सांगायचं? ह्यांचं नाव?

तुमच्या घरी कसं असेल माहीत नाही. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात, डोहाळजेवणात उखाण्यातून घेतलं तर घेतलं, एरवी नाही. माझी एक चुलतसासू तर स्वतःच्या नवऱ्याच्या नावाशी जुळणाऱ्या वाराला सुद्धा "सोमवारचा आदला" म्हणायची. मी सातवीपर्यंत शिकले, पण नाव घेण्याची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते. घेतलं आणि त्यांना काही झालं तर? आधीच पाय गेलाय.

बरं, ठेक्यावर दुसरं कोण जाणार? ह्यांना तर औषध काय आहे हेच सांगायचं नव्हतं. हे असे, की शिवरात्रीचा प्रसादसुद्धा हुंगून घेतात. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "जा तू. आणि मला काही सांगू नकोस, म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणता येईल."

तर विचार करता करता मला युक्ती सुचली. आता माझ्या हुशारीला दाद द्या.

आमच्या फळीवर दोन पितळी डबे आहेत, एकसारखे, एकाच कासाराकडचे. एक मामंजींना बढतीच्या वेळी कुणी दिलेला, त्याच्या झाकणावर मामंजींचं नाव कोरलेलं. दुसरा आमच्या लग्नातला आहेराचा, त्याच्या झाकणावर ह्यांचं. आमच्या डब्याला बुडाशी पोचा आहे, त्यावरून मी तो ओळखते. म्हटलं, पाला आणायला डबा तर हवाच. उघड्या कागदात तो वास घेऊन टांग्यात बसणार कोण? मुन्शीनं नाव विचारलं की झाकण पुढे करायचं. जीभही उचलायला नको. आहे की नाही?

मी पोच्याचा डबा उचलला, पदराखाली घेतला, शकूला कडेवर घेतलं आणि टांगा करून स्टेशनाजवळ पडावला गेले. जवळ लश्कर भागात ठेका होता, पण तिथे दर दुसरा माणूस आमच्या ओळखीचा. पडावला स्टेशनावर उतरणारे लोक, त्यांना काय माहीत मी कुणाची कोण.

ठेक्यासमोर एक पहिलवान आणि दोन पंडे उभे होते. नऊवारीतली बाई, कडेवर पोर, हे बघून तिघेही बाजूला झाले. मी त्याआधी कधी एवढी शरमले नव्हते. मुन्शी भला माणूस होता. चिठ्ठी वाचून म्हणाला, "अच्छा, लंगड़ी का दर्द. बाईसाहब, मरीज का नाम?"

मी झाकण पुढे केलं.

"ये क्या?"

"इस पे लिखा है," मी म्हटलं. "हमारे में बोलते नहीं."

त्याला कळलं. असल्या बाया त्याच्या घरीही असणार. तो झाकण उजेडाकडे करून अक्षरं लावायला लागला, आणि मी काय केलं? ह्यांचं नाव, भांगेच्या दुकानात, परक्या माणसाच्या तोंडून ऐकायला लागू नये म्हणून मी तोंड फिरवलं, कानावर पदर ओढला आणि टांग्याच्या घोड्याकडे बघत राहिले. शकूनं त्याच वेळी भोकाड पसरलं. मुन्शीनं आणखी काहीतरी विचारलं, मरीज आपके कौन असं. मी म्हटलं, "घर के बड़े हैं।" नवऱ्याला आणखी काय म्हणू?

मग त्यानं सही मागितली. तिथे अंगठ्याचे ठसे होते ओळीनं. मी ऐटीत सही केली, सौ. इंदिरा खराडे, वेलांट्या काढून. पहिलवान बघत होता.

आता तुमच्या ध्यानात आलं असेल. माझ्या नाही आलं. दोन दिवसांपूर्वी मीच ते दोन डबे चिंचेनं घासले होते आणि घाईत झाकणं अदलाबदल करून लावली होती. पोचा बघितला, झाकण बघितलं नाही. डबा ह्यांचा, झाकण मामंजींचं. सातवी पास बाई, अक्षर न् अक्षर वाचता येतं, आणि वाचायच्या वेळी घोडा बघत उभी.

वैद्यबुवांनी चाटण करून दिलं. ह्यांना मी सांगितलं, सुंठेचं आहे. खोटं नव्हतं, सुंठ होतीच त्यात.

पहिल्या संध्याकाळी काही नाही. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर तासाभरानं हे आढ्याकडे बघून म्हणाले, "दुखतंय. पण जरा लांबून दुखतंय."

"लांबून म्हणजे?"

"म्हणजे पलीकडच्या खोलीत कुणीतरी कण्हतंय, तसं."

तिसऱ्या दिवशी भिंत न धरता चार पावलं टाकली. चौथ्या दिवशी खुंटीवरच्या स्वतःच्या टोपीला बघून हसले. मी घाबरले, पण पाय खाली टेकत होता. साहेब यायला अजून दहा दिवस. मी आठवडाभरात पहिल्यांदा पोळी न करपवता भाजली.

पाचव्या दिवशी शकू दुपारी झोपली ती दोन तास उठेना. चमचा मी स्वतः राखेनं घासून फळीवर ठेवला होता. पण आईचं मन. मी तिला उचलून धावत वैद्यबुवांकडे. त्यांनी नाडी बघितली, डोळे बघितले, शकू जागी होऊन त्यांची दाढी ओढायला लागली. ते म्हणाले, "बाई, पोर नुसती झोपली होती. लोकांची पोरं झोपली की लोक खूष होतात." येताना टांग्यात मी रडले. लाजेनं रडले की सुटकेनं, ते विचारू नका.

आणि आठव्या दिवशी तो कागद आला.

चपराशी दारात उभा. संध्याकाळ होती, हे तासाभरापूर्वी चाटण घेऊन खाटेवर पडलेले. कागद त्यांनीच वाचला, आधी मनात, मग मोठ्यानं. सरकारी हिंदीत होता, अर्थ सांगते. तुमची नेमणूक वडील मयत झाल्यामुळे झाली असं दफ्तरात लिहिलेलं आहे. परंतु तुमचे वडील पडावच्या ठेक्यावरच्या रजिस्टराप्रमाणे हयात असून पायाच्या दुखण्यासाठी भांग घेतात. तरी येत्या सोमवारी त्यांना साहेबांसमोर समक्ष हजर करावं. न केल्यास तुमची नेमणूक खोटी समजण्यात येईल.

कसं झालं, ते नंतर कळलं. नव्या राज्यात दोन-तीन दफ्तरं एकाच दालनात कोंबली होती. आबकारीचं, म्हणजे दारू-भांगेचं, रजिस्टर ह्यांच्या दफ्तराच्या शेजारच्या मेजावर आलं. तिथे इंदूरकडून आलेला एक नवा कारकून होता, मेलेल्यांच्या आणि जित्यांच्या याद्या ताडून बघायला बसवलेला. त्याला मामंजींचं नाव दोन्हीकडे सापडलं.

आमच्या ह्यांनी कागदाची नीट घडी केली. मग माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाले, "बाबांना पण? डावाच का ग?"

चाटण चढलेलं, त्यांना ते पटलंच होतं. पुढे तर म्हणाले, "सांगितलं नाही कधी. सोसत राहिले बिचारे." आणि डोळ्यांतून पाणी. मग एकदम हसायला लागले. मग पुन्हा पाणी.

सासूबाई आतून आल्या. मी त्यांना कागद सांगितला. त्या मामंजींच्या तसबिरीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आत्ता बोलावतायत? हयात होते तेव्हा सहा वर्षं बढतीसाठी खेटे घातले, तेव्हा कुणी म्हटलं नाही, या, समक्ष या."

मी फळीवरचा डबा काढला. झाकण बघितलं. मग मी जमिनीवर बसले, आणि बसूनच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ह्यांचं डोकं साफ असताना, मी सगळं कबूल केलं. ठेका, चिठ्ठी, झाकण. मला वाटलं, ओरडतील. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "म्हणजे आठ दिवस मी भांग खातोय."

"सुंठही आहे," मी म्हटलं.

"इंदू, नाव घेतलं असतंस तर काय झालं असतं ग?" एवढंच म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मृत्यूचा दाखला कुठून आणायचा? मामंजी गेले दक्षिणेत, दाखला त्या गावात, पत्र जायला-यायला महिना. सोमवारला पाच दिवस. चाळीतले, दफ्तरातले सगळे म्हणाले साक्षीला येतो, पण सोमवारी त्यांनाही साहेबांपुढे स्वतःला उभं करायचं होतं. कोण कुणासाठी तोंड उघडणार?

सोमवारी आम्ही तिघं टांग्यातून निघालो, शकू माझ्या मांडीवर, डबा सासूबाईंच्या. सकाळी चाटण द्यावं की नाही, यावर मी पहाटेपासून विचार केला होता. दिलं तर साहेबांपुढे टोपीला हसतील. नाही दिलं तर उभे कसे राहतील? शेवटी अर्धा हरभरा दिला. रात्रीऐवजी सकाळी, आणि तोही माझ्या अंदाजानं. देवा, वैद्यबुवांना सांगू नका.

टांग्यात बसून ह्यांचा पाय पुन्हा भरून आला. कचेरीच्या व्हरांड्यात त्यांना बाकावर टेकवलं ते पांढरे पडले. शिपायानं आधी मला आणि सासूबाईंना आत बोलावलं.

साहेब मराठीच होते, इंदूरचे. चष्म्यावरून बघत म्हणाले, "बळवंतराव खराडे कुठे आहेत?"

सासूबाई पुढे झाल्या. मामंजी गेल्यापासून मी त्यांना परक्या पुरुषासमोर बोलताना पाहिलं नव्हतं. त्यांनी पदर कपाळावरून मागे सारला आणि म्हणाल्या, "साहेब, माझं कपाळ बघा. ह्याच्यापेक्षा मोठा दाखला तुमच्याकडे आहे का कुठला?"

तो ताडून बघणारा कारकून खाली बघायला लागला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, आणि कागदावर काहीतरी लिहून म्हणाले, "आजी, बसा तुम्ही." मला वाटलं, सुटलो. मी देवाचं नाव घेतलं, ते मला चालतं.

मग साहेबांनी रजिस्टर माझ्याकडे वळवलं. "ही सही तुमची?"

"हो."

"वेलांट्या छान आहेत. मग बाई, औषध नेलं कुणासाठी?"

बघा आता काय झालं ते. मामंजी मेलेले ठरले, म्हणजे नेमणूक वाचली. पण पाय मामंजींचा नाही, तर कुणाचा? ह्यांचा म्हटलं तर हे अधू. अधू माणूस घरी. माझा म्हणावं तर रजिस्टरात पुरुष. खोटं बोलून एक डाव झालाच होता, आणि ते मी बोललेही नव्हते, नुसतं झाकण दाखवलं होतं. समोर सरकार, मागे सासू, कडेवर शकू.

"नाव सांगा," साहेब म्हणाले.

मी सुरू केलं, "पागेच्या दारी पिंपळाचं पान..."

"यमक नको," साहेब म्हणाले. "नुसतं नाव."

नऊ वर्षांत उखाण्याशिवाय जे तोंडातून निघालं नव्हतं ते निघालं. आणि तुम्हाला सांगते, इतके दिवस दाबून ठेवलेलं असल्यामुळे की काय, ते हळू निघालं नाही. कुणी विहिरीतून ओरडावं तसं निघालं. "मार्तंड!" मी म्हटलं. "मार्तंड बळवंत खराडे!"

दार उघडंच होतं. व्हरांड्यात बाक सरकल्याचा आवाज आला आणि आमचे हे आत. भिंत न धरता, दोन्ही पायांवर, ताड ताड. दारात उभे राहून माझ्याकडे असे बघत होते, जणू मामंजींनीच हाक मारली.

"काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "ह्यांचा पाय दुखतो?"

मी म्हटलं, "दुखत होता, साहेब."

साहेबांनी रजिस्टराला टाचलेली वैद्यबुवांची चिठ्ठी वाचली. औषध आहे, चिठ्ठी आहे, त्यात वावगं काही नाही, असं स्वतःशीच म्हणाले. मग ह्यांना चार पावलं चालायला सांगितलं. हे चालले. माझ्याकडे बघतच चालले. कुठला पाय कुठे पडतोय ह्याची त्यांना शुद्ध नव्हती. साहेबांनी कागदावर लिहिलं, प्रकृती उत्तम, आणि सही ठोकली.

कशानं झालं, ते मला आजतागायत माहीत नाही. वैद्यबुवा म्हणतात, अर्धा हरभरा. वर म्हणतात, सकाळी द्यायला कुणी सांगितलं होतं? सासूबाई म्हणतात, नाव. डॉक्टर म्हणतात, आराम.

येताना आम्ही पेढे घेतले. दोनच दिवस पुरले ते.

तिसऱ्या दिवशी नेमणुकीचा हुकूम आला. प्रकृती उत्तम, चाल दमदार, शिवाय दोन पिढ्यांचा पागेचा अनुभव, हे सगळं लक्षात घेऊन साहेबांनी ह्यांना झाबुआकडे फिरतीच्या कामावर घातलं होतं. डोंगरातली गावं, सडक नाही. सरकारकडून घोडा मिळेल.

आमच्या घराण्यानं दोन पिढ्या घोड्यांबद्दल लिहिलं. बसलं कुणी नव्हतं.

मला ते उभे राहायला हवे होते ना? राहिले. असे उभे राहिले, की सरकारनं थेट घोड्यावर बसवले. मी तोंड उघडलं नाही तेव्हा मामंजी उठून बसले, आणि उघडलं तेव्हा हे गेले. आता सांगा, मी करायचं काय?

तीन महिने झाले. पत्रात लिहितात, उभा असतो तेव्हा बरं असतं, चालतो तेव्हा बरं असतं, बसलो की, विशेषतः घोड्यावर, तार ओढली जाते. म्हणून घोड्याचा लगाम धरून बरोबर पायी चालतो. गावातले लोक म्हणतात, साहेब घोडा फिरवायला आणतात. शकू आता चालायला लागली आहे. दारात टांगा थांबला की बाबा, बाबा करते. मी तिला उचलून आत आणते.

म्हणून एक विनंती. तुमच्यापैकी कुणी झाबुआकडे जाणारं असेल, किंवा जाणाऱ्याच्या ओळखीचं असेल, तर एवढा निरोप पोचवा. वैद्यबुवांचं चाटण तयार आहे, पोच्याच्या डब्यात भरलंय, झाकण मी दोनदा वाचून लावलंय. हरभऱ्याएवढंच घ्यायचं, संध्याकाळी. कुठल्याशा गावात, घोड्याशेजारून पायी चालणारा माणूस दिसला की समजा तेच.

आणि नावानं हाक मारा. मार्तंड बळवंत खराडे. मोठ्यानं मारा, लाजू नका, थांबतील. फक्त या, बसा, असं तेवढं म्हणू नका.